सारजाबाईच्या गाडीचे झाकण

त्या सकाळी कचेरीच्या पायरीवर एक झाकण पडले होते.

झाकण म्हणजे पातेल्यावरचे नव्हे. बाभळीच्या जाड फळ्यांचे, कडेने लोखंडी पट्टी ठोकलेले, सांध्यांत डांबर भरलेले, माणूस निजेल एवढ्या लांबीचे. मैल्याच्या गाडीवरचे ते झाकण होते आणि नेमके दाराच्या मधोमध ठेवलेले होते. चपराशी हुसेनमियाँ नाकाला रुमाल लावून भिंतीशी उभा होता.

"कोणी आणले हे?" मी विचारले.

"सारजा डाल के गई, साब. बोली, दरोगासाब का है, उनको दे देना."

"उचलून बाजूला ठेव."

हुसेनमियाँने रुमाल जरा खाली केला. "साब, मेरी नौकरी कागज उठाने की है."

त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. कारकून मंडळी एकेक येऊ लागली. प्रत्येक जण धोतराचा सोगा वर धरून, अंग चोरून कडेने आत गेला. मीही तसाच गेलो. झाकण तिथेच राहिले.

मी त्या वेळी बीड कसब्याचा सफाई दरोगा होतो. निजाम सरकारची नोकरी होती आणि मी तिशीत होतो. माझे काम वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कसब्यात ज्यांच्या घरी संडास होते, त्यांच्या संडासाखाली डबा असे. मागच्या बोळात उघडणारी पत्र्याची झडप असे. उजाडण्यापूर्वी मेहतरवाड्यातले माणूस, बहुधा बाई, झडप उघडून डबा बाहेर काढी आणि गाडीत रिकामा करी. गाडीला हेला म्हणजे रेडा जुंपलेला असे. ती गाडी बिंदुसरा नदीच्या पलीकडे सरकारी चरापाशी जाई. चर म्हणजे लांबट खोल खड्डा. मैला त्यात ओतायचा, वर राख आणि माती टाकायची आणि चर बुजवून ठेवायचा. पुढे त्याचे सोनखत होते. बागाईतदार ते आनंदाने नेतात. ते कोणी वाहिले, हे मात्र कोणी विचारत नाही.

पटकीच्या साथीनंतर सरकारने या गाड्यांना नियम लावले. प्रत्येक गाडीला परवाना हवा. गाडीवर घट्ट झाकण हवे. विहिरीजवळून गाडी न्यायची नाही. चराशिवाय दुसरीकडे ओतायची नाही. गाडीवाल्याच्या दंडावर पितळी बिल्ला हवा. आणि परवाना देताना दोन जामीन हवेत, म्हणजे गाडीवाल्याने नियम मोडला तर जबाबदारी घेणारी दोन माणसे.

आरंभी गाडीवालेच एकमेकांना जामीन राहत. मग एका गाडीवाल्याने नदीतच गाडी ओतली आणि चौकशी सुरू होताच हेल्यासकट माजलगावच्या बाजूला पळून गेला. त्याचे दोन्ही जामीन त्याचे सख्खे भाऊ होते. तेही त्याच्याबरोबर गेले. तहसीलदारसाहेबांनी मला उपाय सुचवायला सांगितले. मी लिहून दिले, की जामीन कसब्यात स्वतःच्या मालकीचे घर असणारा असावा, कारण घर घेऊन कोणाला पळता येत नाही. ते वाक्य मला फार आवडले होते. साहेबांनाही आवडले. झाकणाची फळी किती जाड असावी, हेही त्याच कागदावर मी लिहिले होते.

सारजाबाईचा नवरा नथू हा परवानेदार गाडीवाला. तो हेला हाकी आणि डबे सारजाबाई काढी. त्या पावसाळ्यात नथू तापाने गेला. नियमाप्रमाणे परवाना माणसाबरोबर संपतो. आदल्या दिवशी मी सारजाबाईला बोलावून सांगितले होते, की परवाना तुझ्या नावावर करता येईल, मात्र घरमालक असलेले दोन जामीन आण. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. मी हे अगदी हळू आवाजात, समजावून सांगितले होते. आपण सौम्यपणे बोललो म्हणजे आपण बोललेले सौम्य होते, असे मला तेव्हा वाटत असे.

तिने ऐकून घेतले आणि ती गेली. तिचे उत्तर आता पायरीवर पडले होते.

मी तिला बोलावणे पाठवले. ती आवारातल्या लिंबाखाली येऊन उभी राहिली. चाळिशीची, उंच, आवाजाला ठणठणीत बाई.

"हे काय, सारजाबाई?"

"तुमचं झाकण हाय. तुमीच करा म्हन्लं, आमी केलं. आता गाडी न्हाई तर झाकण कावून ठिवू घरात? त्याच्यावर भाकरी थापू का?"

कारकुनांपैकी कोणीतरी खिडकीत हसले.

"मी जामीन आणायला सांगितले होते."

"घरवाला जामीन." तिने मान हलवली. "मेहतरवाड्यात घर कुनाचं हाय, साहेब? जागा सरकारची, कूड आमचा. वारं आलं की सरकार तेवढं मागं ऱ्हातंय."

"मेहतरवाड्यातलाच हवा असे नाही. कसब्यातला कोणीही चालेल."

ती म्हणाली, "तुमी बोला त्यास्नी. माझं बोलनं त्यास्नी बोळातूनच ऐकू येतंय."

जायला वळली आणि पुन्हा थांबली. "आन् त्ये झाकण एकदा उचलून बगा. कसलं जड हाय त्ये, ज्यानं लिवलं त्याला ठावं पायजे."

मी त्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले.

तहसीलदारसाहेब वयस्क, विनोदी आणि कामात कडक होते. त्यांच्यापुढे गेलो तेव्हा ते मिसल, म्हणजे या प्रकरणाचे कागद, चाळत होते.

"दरोगाजी, जुमे को अव्वल तालुकदार साहब का दौरा है. ये दरवाजे पर क्या ताबूत रखा है?"

अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत मोठे अधिकारी आणि जुमा म्हणजे शुक्रवार. मी सर्व हकीकत सांगितली. साहेबांनी चष्मा काढला.

"गल्लियाँ किसी और को दे दो. बात खत्म."

मला तो मार्ग सोपा वाटला. मी किसन गाडीवाल्याला बोलावले. त्याची गाडी चांगली, हेला तरणा, परवाना चालू. सारजाबाईचे चार बोळ तुझ्या परवान्यावर चढवतो, असे त्याला सांगितले. तो आनंदेल अशी माझी अपेक्षा होती.

त्याने दोन्ही कानांना हात लावले. "मला न्हाई जमायचं, साहेब."

"का? काम वाढेल तशी मिळकतही वाढेल."

"परवाना तुमचा हाय, पर बोळ तिचा हाय. तिची घरकी हाय ती. तिच्या सासूची व्हती, सासूच्या सासूची व्हती. म्या त्या बोळात पाय घातला तर माज्या पोरीला कोन करून घेईल?"

घरकी हा शब्द मी ऐकला होता, पण त्याचे वजन मला ठाऊक नव्हते. किसनने सांगितले ते असे. मेहतरवाड्यात प्रत्येक घराण्याचे बोळ ठरलेले असतात. त्या घरांची भाकरी, सणाचे धान्य, लग्नातले लुगडे त्या घराण्याचेच. एकाने दुसऱ्याच्या घरकीत काम करणे म्हणजे भरल्या ताटातला घास ओढणे. पंच त्याला वाळीत टाकतात. मी कसब्याचा नकाशा काढून, बोळ मोजून, गाड्यांची वाटणी करण्याचा विचार पूर्वी एकदा केला होता. माझ्या नकाशाखाली त्यांचा एक जुना नकाशा आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या गाडीवाल्याला विचारले. तो किसनकडे पाहून म्हणाला, "काय बे, तू न्हाई म्हन्लास आन् मला फुडं करतूस व्हय?" आणि दोघे मिळून निघून गेले.

हे ऐकल्यावर साहेब गंभीर झाले. "तो फिर जालने से आदमी मंगवाता हूँ. वो इनकी बिरादरी के नहीं, उनको घरकी से क्या लेना. जुमेरात तक का वक्त है आपके पास. उसके बाद गल्लियाँ उनकी."

जुमेरात म्हणजे गुरुवार. त्या मुदतीचा अर्थ मला तत्काळ उमगला. बाहेरचा माणूस एकदा त्या बोळांत शिरला, की सारजाबाईची घरकी कायमची गेली. आज परवाना नाही म्हणून थांबली असती, तर उद्या परवाना मिळूनही तिला जायला बोळच उरला नसता. तिच्या पदरी दोन मुली होत्या. नेकनूरला माहेर होते, पण तिथे भाऊच दुसऱ्याच्या घरकीत हाताखाली काम करत होता.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली ओळ माझी होती. ती खोडण्याचा अधिकार मला नव्हता. ती सुचवण्याचा मात्र होता. नोकरीतली ही विषम गोष्ट मी पुढे अनेकदा अनुभवली.

मी जामीन शोधायला निघालो.

ते बोळ चांगल्या वस्तीतले होते. डबे भरत चालले होते आणि घरोघरी नाकाला पदर लागला होता. मला वाटले, अशा वेळी सही मिळणे अवघड नाही.

पहिले घर एका वकिलांचे. ते ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते.

"दरोगासाहेब, ही काय अवस्था? घरात बसवत नाही. शुक्रवारी थोरलीला पाहायला परळीचे पाहुणे येणार आहेत. काहीतरी करा!"

"करतो. आपली एक सही हवी. सारजाबाईला जामीन म्हणून."

अडकित्ता थांबला. "जामीन? मी? तिला?"

"आपले घर आहे म्हणून विचारतो."

"घर..." वकील छताकडे पाहू लागले. "घर तसे वडिलांच्या नावावर आहे. ते वारल्यावर फेरफार करायचा राहूनच गेला. तुम्हाला हवा तर उत्तम अर्ज लिहून देतो. असा लिहितो, की तालुकदारसाहेबांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"पाणी सध्याही सर्वांच्याच डोळ्यांत आहे," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघालेला हा बहुधा एकुलता एक विनोद. ते हसले नाहीत.

कापडवाल्या शेटजींचे घर बायकोच्या नावावर निघाले आणि बायको माहेरी गेली होती. देशमुखांचे घर चार भावांत सामाईक होते आणि चौघांचे बोलणे बंद होते. एका सेवानिवृत्त पेशकारांनी तर सांगितले, की त्यांचे घर म्हणजे देवाचे घर, ते केवळ राखणदार. सायंकाळपर्यंत मला असे कळून चुकले, की आमच्या कसब्याच्या त्या भागात स्वतःचे घर असलेला एकही गृहस्थ राहत नाही.

एक माणूस मात्र स्वतःहून आला. नदीकाठी पानमळा असलेला एक बागाईतदार. कसब्यात त्याची दोन घरे होती.

"म्या व्हतो जामीन," तो म्हणाला. "दोन घरं हायती, दुसऱ्या घरावर माज्या भावाची सही घ्या. काम खलास. फकस्त सारजीची गाडी चराकडं न्हाई जायची. शीदी माज्या मळ्यात यायची."

"ताजा मैला मळ्यात ओतता येत नाही. तिथे विहीर आहे."

"तुमी तिकडं बगू नका, म्हंजे झालं. तुमचंबी काम, माजंबी काम."

मी त्याला लगेच नाही म्हणालो नाही. हे लिहिताना मला संकोच होतो, पण खरे तेच लिहिले पाहिजे. त्या क्षणी मला ती दोन सह्यांची जागा दिसत होती आणि विहीर दूर वाटत होती. मी सारजाबाईला विचारतो, असे म्हणून त्याला वाटेला लावले. आपल्याला जे ठरवता येत नाही, ते दुसऱ्याला विचारायचे आणि त्याला उदारपणा म्हणायचे, ही माझी जुनी सवय.

सारजाबाई मेहतरवाड्याच्या तोंडाशी हेल्याला पाणी पाजत होती. तिने सगळे ऐकले.

"गाडी माझी ऱ्हाईल?"

"राहील."

"हेला माझा ऱ्हाईल?"

"अर्थात."

"आन् मी कुनाची ऱ्हाईन?" तिने बादली खाली ठेवली. "उद्या त्यो म्हन्ला, पोरीबी पाठीव मळ्यात खुरपायला, तर न्हाई म्हनायचं कुनाच्या जिवावर? त्यानं सही मागं घेतली की बिल्ला गेला. न्हाई साहेब. जालन्यावाले येऊ द्या. मी जाते नेकनूरला, भावजयीच्या हाताखाली. तिथं निदान शिव्या घरच्या ऱ्हातील."

उगाच विचारावे म्हणून विचारले, "त्या बोळांत तुझ्या ओळखीचे कोणीच नाही?"

"वळख?" ती हसली. "झडपंतून काय वळख व्हतीय? एक किस्नामाय तेवढी बोलती."

कृष्णाबाई या एका वैद्यांच्या विधवा. बोळाच्या टोकाच्या लहान घरात एकट्या राहत. वाती वळून आणि लोणची-पापड करून देऊन उदरनिर्वाह करीत. त्यांचे सोवळे साऱ्या कसब्यात प्रसिद्ध होते. भाजीवालीने ठेवलेल्या भाजीवरही त्या पाणी शिंपडून मग घेत. त्यांच्याकडे जाण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. यादी करताना त्यांचे नाव मी स्वतःच गाळले होते.

बुधवारी सकाळी गेलो. त्या ओट्यावर वाती वळत होत्या. मी अंगणाबाहेरच उभा राहून विषय काढला. वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "कुठे करायची सही?"

मी गोंधळलो. "आपण... विचार करून सांगा."

"विचार कसला? घर असलेला माणूस हवा ना? हे गेले तेव्हापासून घर माझ्या नावावर आहे. बाकीच्यांची घरे कुठे गेली, ते मला ठाऊक नाही."

"लोक बोलतील."

"बोलू देत की. हे गेले तेव्हा या बोळात महिनोन्‌महिने कोणी माझ्याशी बोलले नव्हते. ती मागून झडप वाजवायची आणि विचारायची, माय, जेवलीस का. तेव्हा कुठे होते तुमचे लोक?"

त्यांनी वात टोपलीत टाकली आणि पुढची घेतली. "मात्र मी कचेरीत येणार नाही. आणि कागद खाली ठेवायचा, हातात द्यायचा नाही."

तहसीलदारसाहेबांना हे सांगताना मी अनेक अडचणी मोजून दाखवल्या. जामिनाने साहेबांच्या समक्ष परवानेदाराची ओळख पटवावी लागते. बाई कचेरीत येणार नाहीत. बाई जामीन राहू शकते की नाही, हे नियमात लिहिलेले नाही. साहेब ऐकत होते.

"मना किया है?"

"नाही, साहेब."

"तो फिर मना नहीं है. कचहरी वहाँ चलेगी."

गुरुवारी सकाळी कृष्णाबाईंच्या ओट्यासमोर, बोळाच्या तोंडाशी साहेबांची खुर्ची मांडली. दारे अर्धवट उघडली, पडदे हलू लागले. समोरच्या ओट्यावर वकील येऊन बसले. कृष्णाबाई दाराच्या आत, चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"बाई," साहेब मराठीत म्हणाले, "तुमी सारजाला वळखता?"

"ओळखते."

"चेहरा देखा है उसका?"

"नाही. मी आत असते, ती बाहेर. तोंड कधी पाहिले नाही."

मी डोळे मिटले. प्रकरण तिथेच संपले, असे मला वाटले. ओळख पटणे म्हणजे चेहरा ओळखणे, असेच आमच्या कचेरीत समजले जाई.

"फिर पहचानोगी कैसे?"

"तिला मागे जाऊन रोजच्यासारखी झडप वाजवायला सांगा."

साहेबांच्या मिशीत हसू आले. त्यांनी मला जवळ बोलावून कानात सांगितले, की आधी दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. किसनची बायको तमाशा पाहायला आली होती. मी तिला विचारले तर ती मागे सरकली. "तिच्या बोळात? म्या न्हाई." शेवटी सारजाबाईने तिचा हात धरला. "चल गं, आज मीच घिऊन चालली. पंचाला सांगीन, माज्या खुशीनं आली." तेव्हा कोठे ती निघाली.

घरामागून पत्रा खडखडला. एकदा, दोनदा, मग जोराने.

"ही कोण?" कृष्णाबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "ही नवी दिसते. कडी आधी वर उचलायची असते, मग ओढायची, एवढेही हिला ठाऊक नाही. मोडेल माझी झडप!"

पडद्यांआड हशा पिकला. मग पत्र्यावर दोन हलक्या टिचक्या आणि पाठोपाठ तो ठणठणीत आवाज, "सांभाळा वं, माय!"

"थांब गं," कृष्णाबाईंच्या तोंडून आपसूक गेले.

"गुडघा कसा हाय?"

"दुखतोय मेला. तू दिलेला पाला बांधला होता रात्री."

"रातीचा न्हाई, सकाळचा बांधायचा म्हन्लं व्हतं नव्हं? ऐकतीस कुटं तू!"

त्या दोघी विसरल्या होत्या, की मध्ये सरकार बसले आहे. बोलणे आपोआप थांबल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "लिखिए, दरोगाजी. शनाख्त हो गई."

कागद उंबऱ्याबाहेर ठेवला. कृष्णाबाईंनी सही केली, बोरू तिथेच ठेवला आणि त्या तडक न्हाणीकडे गेल्या. स्नानाचे पाणी त्यांनी आधीच काढून ठेवले होते. याचे मला तेव्हा हसू आले होते. आता येत नाही. सोवळे न मोडताही त्यांनी जेवढे केले, तेवढे सोवळे न पाळणाऱ्या आम्हा कोणालाही करता आले नव्हते.

दुसरा जामीन राहिला होता. साहेबांनी समोरच्या ओट्याकडे मान वळवली.

"वकीलसाहब, सुना है आपका मकान अभी तक मरहूम वालिद के नाम है. फेरफार आज ही कर दूँ? मुहर साथ लाया हूँ."

वकील उठून उभे राहिले. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. तो आमच्यासाठी नसावा, पण स्पष्ट ऐकू आला. "करता की नाही सही? उद्या पाहुणे आले आणि दारातून परत गेले, म्हणजे पोरीला जन्मभर सांभाळत बसा."

वकिलांनी सही केली. अक्षर फार सुंदर होते.

त्याच दिवशी दुपारी परवाना लिहिला गेला. परवान्यावर बाईचे नाव घालण्याची आमच्या कचेरीतली ती पहिलीच वेळ. जालन्याला माणूस गेला नाही. सारजाबाई बिल्ला घ्यायला आली, तेव्हा तो तिने पदराने पुसून दंडावर बांधला. मग पायरीकडे आली. झाकण अजून तिथेच होते. येताजाता त्याला वळसा घालण्याची सर्वांना सवय होऊन गेली होती.

"न्यायचं नव्हं आता?" तिने विचारले.

"हो, घेऊन जा."

ती वाकली. एक बाजू उचलली. दुसरी बाजू पायरीला घासत राहिली. तिने वर पाहिले. तिने मदत मागितली नाही. ती मागणारच नव्हती. मी चार पावलांवर उभा होतो. माझे हात पुढे झाल्यासारखे मला आठवते. परंतु ते पुढे झाले नव्हते, ही गोष्ट मला तितकीच स्पष्ट आठवते. तिने गुडघा लावला, झाकण उभे केले, डोक्याखांद्यावर तोलून घेतले आणि आवाराबाहेर गेली. पायरीवर डांबराची एक काळी रेघ राहिली. हुसेनमियाँने ती नंतर राखेने घासली, पण ती पूर्ण गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दौरा झाला. अव्वल तालुकदारसाहेबांनी कसब्याच्या स्वच्छतेबद्दल समाधान व्यक्त केले आणि शाबासकीत माझेही नाव घेतले. ते ऐकताना मला त्या वेळी आनंद झाला होता. एका बाईला परवाना मिळवून दिला, एवढाच माझा हिशेब होता. परवाना कशाचा मिळवून दिला, आणि पुढे तिच्या मुलींनाही तोच मिळावा असे आपल्याला वाटते काय, हा प्रश्न पडायला मला पंचावन्न वर्षे पुरी व्हावी लागली.

जामिनाची ओळ बदलावी, असे मी वरिष्ठांना लिहिले. गाडीवाल्यांनी पुन्हा एकमेकांना जामीन राहावे, पण सख्खे भाऊ नसावेत. वरून उत्तर आले नाही, आणि उत्तर येईपर्यंत साहेब मी सुचवले तसेच करत राहिले. आमच्या कचेरीत बरेचसे शहाणपण असेच, उत्तराची वाट पाहता पाहता झालेले आहे.

झाकणाचे मात्र मला कोणाला विचारावे लागले नाही. त्याच आठवड्यात मी सुताराच्या कारखान्यात गेलो. तिथे एका गाडीसाठी नवे झाकण तयार होऊन भिंतीशी टेकले होते. मी ते एकट्याने उचलून पाहिले. गुडघ्यापर्यंतही आले नाही. सुतार म्हणाला, "साहेब, कंबर धरंल. आमी दोघं जन उचलतो." मग फळी पातळ केली आणि झाकणाचे दोन भाग करून मध्ये बिजागऱ्या बसवल्या, म्हणजे एका वेळी अर्धेच उचलावे लागेल. तो नमुना पुढे सगळ्या गाड्यांना लागू झाला.

हाताखालच्या नव्या माणसांना मी एवढेच सांगत आलो, की ज्या वस्तूविषयी नियम लिहायचा, ती वस्तू आधी एकदा उचलून पाहावी. ते माझ्याकडे आदराने पाहतात. म्हणून येथे एक गोष्ट जोडून ठेवतो. सुताराकडे मी जे उचलले, ते झाकण कोरे होते.